शाळेतला फिल्ममेकिंगचा क्लास: ड्रोनकडे बघू नका, सरांकडे बघा

लेकीच्या शाळेत यंदा आठवी-नववीसाठी फिल्ममेकिंगचा क्लास सुरू झाला, शनिवारी शाळा सुटली की दोन तास, बाहेरची एक संस्था चालवते आणि शाळा फक्त वर्ग आणि हॉल देते. वर्ष संपलं म्हणून रिव्ह्यू लिहितेय. संस्थेचं आणि शाळेचं नाव देत नाही कारण खाली तक्रारी पण आहेत आणि लेकीला अजून एक वर्ष तिथेच काढायचंय. शाळा कोल्हापुरातली आहे एवढं पुरे.

फी वर्षाची साडेसहा हजार. वर टी-शर्टचे वेगळे आणि शेवटी सर्टिफिकेटचे वेगळे, जे आधी कुणी सांगितलं नव्हतं. माहितीपत्रकावर ड्रोन, गिंबल, मोठ्ठा कॅमेरा आणि गॉगल घालून क्लॅप धरलेला एक पोरगा. तो ड्रोन अख्ख्या वर्षात बॅगेतून बाहेर निघाला नाही, का म्हणून विचारलं तर उजळाईवाडीला विमानतळ आहे, परवानगीची भानगड आहे असं उत्तर, अहो मग विमानतळ काय पत्रक छापल्यावर बांधला का. मोठा कॅमेरा एकच आणि पोरं चोवीस. तर ज्यांना वाटतंय की फी भरली की पोराच्या हातात भारी कॅमेरा येणार त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल.

पण क्लास वाया गेला का, तर अजिबात नाही, उलट शाळेबाहेरच्या इतर क्लासला जेवढे पैसे घातलेत त्यात हा सगळ्यात वसूल झाला असं माझं मत आहे, आणि त्याचं सगळं श्रेय शिकवणाऱ्या सरांना. तिशीतला माणूस, बोलायला साधा, पोरांना अहो-जाहो करत नाही पण कुणाला गप्प पण बसवत नाही. त्यांनी पहिला दीड-दोन महिना कॅमेऱ्याला हातच लावू दिला नाही. नुसतं बघायला लावलं. आमच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तेव्हा काय गोंधळ, 'पिक्चर बघायला पैसे भरलेत का', 'घरी टीव्ही नाही का आमच्याकडे' वगैरे, मी पण त्यात दोन अंगठे दिले होते.

त्यांची पद्धत अशी की एक सीन घ्यायचा, दोन-तीन मिनिटांचा, आणि तो तीन वेळा दाखवायचा. पहिल्यांदा नेहमीसारखा. दुसऱ्यांदा आवाज पूर्ण बंद. तिसऱ्यांदा पोरांनी पडद्याकडे पाठ करून बसायचं आणि फक्त ऐकायचं. मग वहीत लिहायचं की कुठल्या वेळी काय कळलं. शॉट मोजायचे, कॅमेरा कुणाच्या उंचीवर आहे ते बघायचं, कोण फ्रेमच्या मध्ये आणि कोण कडेला ढकललंय ते बघायचं. 'मला आवडला', 'बोअर आहे' हे शब्द वर्गात बंद, आवडला तर नेमकं काय आणि कुठे ते दाखव.

'फँड्री' पिक्चरमधला तो सीन घेतला होता, खालच्या मानलेल्या जातीतलं घर, घरचे सगळे डुकराच्या मागे पळतायत आणि शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं आणि सगळे जिथल्या तिथे थांबतात. मी हा पिक्चर थेटरात बघितलाय, तेव्हा हसले होते तिथे, मग घशात अडकल्यासारखं झालं होतं, पण का ते मला कधी सांगता आलं नसतं. लेकीने घरी येऊन जेवता जेवता समजावून सांगितलं. म्हणे आवाज बंद करून बघितलं तर नुसती माणसं उभी आहेत, डुक्कर चाललंय, काहीच नाही. आणि पाठ करून ऐकलं तर नुसतं राष्ट्रगीत, रोज शाळेत ऐकतो तसंच. दोन्ही एकत्र आल्यावर ते तिसरंच काहीतरी होतं, आणि ते तिसरं ना चित्रात आहे ना आवाजात. चौदा वर्षाची पोरगी हे आमटी-भात कालवत बोलत होती. मी तिच्या बाबांकडे बघितलं, ते माझ्याकडे.

ह्या सीनवरून एका पालकाने तक्रार केली, 'शाळेत जातीचं कशाला काढताय'. सरांनी त्यांना पुढच्या शनिवारी वर्गात मागे येऊन बसायला सांगितलं. ते आले, बसले, काही न बोलता गेले. पोराला क्लासमधून काढलं नाही हे मात्र खरं.

दुसरा धडा मला सगळ्यात आवडला. रशियात लेव कुलेशोव्ह नावाचा एक माणूस होऊन गेला, त्याने साधारण १९२० च्या आसपास एक प्रयोग केला, एका नटाचा काहीच भाव नसलेला चेहरा घेतला आणि त्याच्यापुढे एकदा सूपची थाळी, एकदा शवपेटी, एकदा एक बाई असे शॉट जोडले आणि लोक म्हणाले वा काय अभिनय, भूक बघा, दुःख बघा. चेहरा तोच. सरांनी हे सांगितलंच नाही आधी. त्यांनी ग्रुप पाडले आणि एका ग्रुपला सांगितलं घरातल्या कुणाचातरी चेहरा दहा सेकंद शूट करून आणा, काही ॲक्टिंग करायची नाही. आमच्या लेकीच्या ग्रुपने आमच्याच सासऱ्यांना धरलं. आजोबा सोफ्यावर, बनियनवर शर्ट चढवून, केसाला पाणी लावून तयार, आणि दोनदा सांगावं लागलं की आजोबा हसू नका. मग तो एकच शॉट तीन ठिकाणी जोडला, एकदा तांबड्या रश्श्याची वाटी, एकदा लाल शेऱ्याचं प्रगतीपुस्तक, एकदा हार घातलेला एक जुना फोटो. दुसऱ्या ग्रुपच्या पोरांना दाखवल्यावर एक म्हणाली आजोबांना भूक लागलीय, दुसरा म्हणाला लई भडकलेत, आणि फोटोवाल्यावर एक पोरगी चक्क गप्प झाली, म्हणाली त्यांना आजीची आठवण आली. मग सरांनी सांगितलं की तिन्ही वेळा तोच शॉट आहे. घरी आल्यावर सासऱ्यांना विचारलं तेव्हा तुम्ही काय विचार करत होता, तर म्हणाले, 'कसला विचार, समोरचं घड्याळ बंद पडलंय का बघत होतो.'

आता सांगा, हे पुस्तकातून शिकवता येईल का? एडिटिंग म्हणजे नुसतं कापाकापी नाही, अर्थ दोन शॉटच्या जोडावर तयार होतो हे पोरांना एका दुपारी कळलं. आणि त्याचा परिणाम असा की आता रात्री बातम्या लावल्या तरी लेक म्हणते, हा माणूस रडतोय तो ह्याच घटनेवर रडतोय कशावरून? सासूबाईंच्या सिरियलचं तर विचारूच नका, एका थोबाडीत मारण्यावर सात जणांचे चेहरे तीन तीनदा झूम, ती मोजत बसते आणि सासूबाई वैतागतात.

कोल्हापूरचा इतिहास पण चांगला घेतला, आणि तो भाषणातून नाही. एका शनिवारी पोरांना चालत खरी कॉर्नरला नेलं, तिथल्या कॅमेरा स्तंभापाशी. आपण रोज त्याच्या बाजूने गाडी काढतो, हॉर्न मारतो, वर मान करून कोण बघतंय. बाबूराव पेंटरांनी १९१७ ला इथे महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, कॅमेरा इथेच जुळवून बनवला, १९२० ला 'सैरंध्री' आला आणि त्यातला कीचकवध इतका खरा वाटला की सेन्सॉरने आक्षेप घेतला. १९२५ चा 'सावकारी पाश', त्यात शेतकऱ्याच्या भूमिकेत तरणे व्ही. शांताराम. मग १९२९ ला प्रभात फिल्म कंपनी, ती पण इथलीच, पहिला मराठी बोलपट 'अयोध्येचा राजा' १९३२ चा, आणि १९३३ ला प्रभात गेली पुण्याला. त्याच जागेवर पुढे १९६० ला फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. वर्गातल्या एका पोराने विचारलं म्हणे, 'मग पुण्याला कशाला गेले सर, हितं काय कमी होतं?' प्रश्न बरोबर आहे, आम्ही कोल्हापूरकर अजून विचारतोय.

फाळक्यांचं पण आलंच. 'राजा हरिश्चंद्र' सगळ्यांना पाठ असतं, १९१३, पहिला चित्रपट, मार्क मिळवा. पण त्याच्या आधी त्यांनी वाटाण्याचं रोप उगवताना थोडं थोडं चित्रित करून एक छोटी फिल्म केली होती, पैसे घालणाऱ्याला दाखवायला की हे असं असं करता येतं, ते पोरांना नवीन होतं. गृहपाठ काय, तर घरी मटकी भिजवा आणि मोड येताना मोबाईलवर टाइमलॅप्स करा. आमचं स्वयंपाकघर दोन दिवस बंद. फोन डब्याला टेकवून ठेवलेला, चार्जर लावलेला, ओट्याकडे जायचं नाही, लाइट बंद करायचा नाही, मिक्सर लावला तर फोन हलतो. खिडकीतलं ऊन सरकलं की मटकी एकदम पिवळी, मग एकदम निळी, ते बघून तिला कळलं की रात्रीच शूट करायला हवं होतं आणि एकच दिवा ठेवून. मोड मात्र काय सुंदर दिसले, एखादं जनावर आळस देतंय तसे. मटकीची उसळ नंतर केली, जरा आंबूस लागली.

शूटिंगचा भाग. इथे मोबाईलच वापरला बहुतेकांनी, आणि खरं सांगायचं तर पुरतो. सरांनी जे बारकावे सांगितले ते मात्र यूट्यूबवर दहा व्हिडिओ बघून पण कळले नसते. उदाहरणार्थ शाळेतल्या ट्यूबलाइटखाली शूट केलं की व्हिडिओ लुकलुकतो, पट्टे पळतात. कारण आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होते आणि मोबाईल आपला सेकंदाला ३० फ्रेमवर, म्हणजे ३० चित्रं. २५ फ्रेम आणि शटर १/५०, म्हणजे प्रत्येक चित्र सेकंदाचा पन्नासावा भाग टिपायचं, असं केलं की प्रकार थांबतो. साध्या कॅमेरा ॲपमध्ये हे बदलता येत नाही बऱ्याच फोनवर, त्यासाठी ब्लॅकमॅजिक कॅमेरा नावाचं फुकट ॲप आहे, ते सगळ्या फोनवर चालत नाही, आमच्या जुन्या फोनवर नाही चालले, मग बाबांचा फोन शनिवारी जप्त.

कॅमेरा एकाच बाजूला ठेवायचा नियम त्यांनी मैदानावर कबड्डी खेळवून शिकवला. दोन पोरं दोन बाजूंनी शूट करत होती, जोडून बघितल्यावर रेडर एका शॉटमध्ये उजवीकडे पळतोय आणि पुढच्यात डावीकडे, म्हणजे स्वतःच्याच टीमवर चढाई. हसून हसून पुरेवाट, पण नियम कुणी विसरणार नाही.

आणि आवाज. ह्या माणसाला आवाजाचं वेड आहे. चित्र हललं तर लोक माफ करतात, आवाज फाटला तर उठून जातात, हे त्यांचं पालुपद. प्रत्येक जागी शूट झालं की सगळ्यांनी अर्धा मिनिट पुतळा व्हायचं आणि त्या जागेची शांतता रेकॉर्ड करायची, कारण एडिट करताना दोन वाक्यांच्या मधली भेग त्यानेच बुजवायची असते. तेव्हा कळलं की शांतता पण प्रत्येक खोलीची वेगळी असते, आमच्या हॉलच्या शांततेत फ्रिज आहे. कॉलरला लावायचा वायरवाला माइक हजाराच्या आसपास येतो, तो मात्र घ्यावा लागला, आणि तो घेतल्याचं अजिबात वाईट वाटलं नाही.

लेकीच्या ग्रुपची फिल्म गंगावेशच्या दूध कट्ट्यावर होती. संध्याकाळी म्हशी येतात, गिऱ्हाईकाच्या समोर धार काढून ग्लास हातात, ते आपल्याला नवीन नाही पण पोरांनी ते तीन-चार वेळा जाऊन नुसतं बघितलं, कॅमेरा न काढता, सरांची अट. मग ठरवलं की माणसांचे चेहरे घ्यायचेच नाहीत, फक्त हात, कासंडी, साखळी, म्हशीचं डोळं, ग्लास. मला आधी पटलं नाही, म्हटलं माणसंच नाहीत तर बघणार कोण. पण सहा मिनिटांची ती फिल्म बघताना धारेचा आवाज आधी रिकाम्या भांड्यावर ट्यांग ट्यांग आणि मग फेस भरत जाईल तसा मऊ होत जातो, तो आवाज ऐकून माझ्या शेजारच्या बाईंनी 'अगं बाई' म्हटलं. पार्श्वसंगीत म्हणून पोरांना एक हिट गाणं टाकायचं होतं, सरांनी नाही म्हणजे नाही सांगितलं, दुसऱ्याचं गाणं आहे, परवानगी काढून आणा. शेवटी वर्गातल्या एका पोराच्या काकांकडून हलगी वाजवून घेतली. नाद खुळा झाला. परवानगीचं तर प्रत्येक ठिकाणी, ज्याची म्हैस त्याला आधी विचारायचं, फिल्म कुठे दाखवणार ते सांगायचं, तो नाही म्हणाला तर नमस्कार करून निघायचं. एक जण नाही म्हणाले पण. दुसऱ्यांनी विचारलं, टीव्हीवर कधी लागणार.

आता तक्रारी, ज्या फी घेणाऱ्या संस्थेच्या आणि शाळेच्या आहेत, सरांच्या कमी.

ग्रुपमध्ये कॅमेरा कोण धरणार ह्याचा काही नियम नव्हता सुरुवातीला. परिणाम ठरलेला, मोठा आवाज असलेली दोन पोरं कॅमेरामन आणि डायरेक्टर, आणि पोरी कपडे सांभाळायला, प्रॉपर्टी सांभाळायला आणि 'कंटिन्युइटी' लिहायला. लेकीने दिवाळीपर्यंत फक्त वहीत लिहिलं कुणाच्या शर्टाचं कुठलं बटण उघडं होतं. मी भेटून बोलले तेव्हा सरांनी पुढच्या शनिवारपासून प्रत्येक शॉटला काम बदलायचं असा फतवा काढला आणि मग सुरळीत झालं, पण हे कुणीतरी सांगितल्यावर व्हायला नको होतं. तुमची मुलगी असेल तर पहिल्याच दिवशी विचारा.

एडिटिंगसाठी शाळेची कॉम्प्युटर लॅब. तिथली मशीन म्हणजे देवाची करणी. दाविंची रिझॉल्व्ह नावाचं एडिटिंगचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि चांगलं आहे, पण ते चालायला दमदार मशीन लागतं, लॅबमध्ये ते उघडलं की माऊस पण हलायचा थांबायचा. मग शॉटकट नावाचं हलकं सॉफ्टवेअर टाकलं, ते चाललं, पण ह्या खटपटीत तीन-चार शनिवार गेले आणि घटक चाचणीच्या वेळी बुडालेले क्लास कधी भरून दिले नाहीत. फीमध्ये मात्र तसं काही बुडालं नाही.

आणि शेवटचा कार्यक्रम. पोरांनी वर्षभर मर मर करून पाच फिल्म केल्या, त्या दाखवायच्या स्नेहसंमेलनाच्या आधी, दुपारी, हॉलमध्ये, जिथल्या खिडक्यांना पडदे नाहीत. प्रोजेक्टरवर दिसतंय काय तर धुतलेलं धोतर. आवाज हॉलच्या भोंग्यांवर. आधी दीपप्रज्वलन, मग पाहुण्यांचा परिचय, मग पाहुण्यांचं भाषण ज्यात त्यांनी मोबाईलचे दुष्परिणाम सांगितले, मग सत्कार, आणि वेळ संपली म्हणून शेवटची फिल्म अर्ध्यात बंद. ज्या पोरांची ती फिल्म होती ती मागे उभी होती.

शिवाय एक फिल्म दाखवलीच नाही. चार मुलींनी शाळेतल्याच मुलींच्या स्वच्छतागृहावर केली होती, नळ, कडी, कचऱ्याचा डबा, आणि मुली दिवसभर पाणी का पीत नाहीत ते. कुणावर आरोप नाही, कॉमेंट्री पण नाही, नुसते शॉट आणि दोन मुलींचा आवाज. ऑफिसातून निरोप आला, शाळेची बदनामी होते. सरांनी वाद घातला नाही पण नंतर वर्गात खिडक्यांना चटया लावून त्या मुलींच्या पालकांना बोलावून ती दाखवली, आम्ही पण घुसलो. माझ्या मते पाचातली तीच सगळ्यात चांगली होती, साडेतीन मिनिटं, एक शॉट जास्तीचा नाही. कड्या आता नवीन बसल्यात असं लेक सांगते.

मार्क द्यायचे तर शिकवण्याला पाचपैकी पाच, सोयीला दोन, हिशोबाच्या पारदर्शकतेला एक. बोर्डात ह्याचे गुण धरत नाहीत, करिअर म्हणून विचाराल तर पुण्याच्या इन्स्टिट्यूटचे मोठे कोर्स ग्रॅज्युएशननंतरचे आहेत, त्यामुळे नववीत ती घाई करायची गरज नाही. पोरगं नुसतं रील करायला शिकेल म्हणून घालत असाल तर घालू नका, ते त्याला आधीच तुमच्यापेक्षा चांगलं येतं. पण तासभर एका जागी बसून एकच गोष्ट परत परत बघायची तयारी असेल तर नक्की घाला.

फी भरायच्या आधी दोन गोष्टी विचारून घ्या: पुढच्या वर्षी हेच सर आहेत का (ते बदलले तर वरचं सगळं रद्द समजा), आणि सर्टिफिकेट-टी-शर्ट धरून एकूण किती. पॉवर बँक घरून द्या, फोनमध्ये जागा रिकामी करून द्या, नाहीतर धार काढताना मध्येच 'स्टोरेज फुल' येतं. आणि शूटिंगच्या दिवशी डबा जास्तीचा द्या, संध्याकाळी सहाला येतो म्हणून गेलेली पोरं साडेआठला येतात.